स्केलेटन की : कानशीखालून उरलेली किल्ली

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : बनावट चावीने कुलूप उघडून चोरट्यांनी ऐवज लंपास केला. ही बनावट चावी नेमकी कसली, हे बातमीत क्वचितच असते. मूळ चावी थोडा वेळ हाती लागल्यावर साबणाच्या वडीवर ठसा घेऊन केलेली ती नक्कल असू शकते. इमारतीच्या कार्यालयातून गायब झालेली मास्टर की असू शकते. किंवा तिसरीच वस्तू असू शकते, जिला इंग्रजीत स्केलेटन की म्हणतात. दार तिन्हींनी उघडते, म्हणून बोलताना तिन्हींची सरमिसळ होते. पण कुलपाच्या आत या तीन किल्ल्या तीन वेगळी कामे करतात आणि त्यांच्यापासून बचावाचे उपायही वेगळे आहेत. कुलूप विकत घेणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

नावाचा अर्थ

स्केलेटन म्हणजे सांगाडा. किल्लीचा जो भाग कुलूप प्रत्यक्ष उघडत नाही, तो सगळा कानशीने घासून काढायचा आणि उघडण्यापुरता भाग तेवढा ठेवायचा. मग जी उरते ती स्केलेटन की. २००५ साली याच नावाचा हॉलिवूडचा एक भयपट आला होता. त्यात एका जुन्या हवेलीच्या खोल्या उघडणारी किल्ली आहे. पण भुताखेतांशी या शब्दाचा मुळात काही संबंध नाही, तो लोहारकामातला साधा शब्द आहे.

अमेरिकेत हा शब्द आणखी सैलपणे वापरला जातो. लांब दांडी, वर गोल मूठ आणि टोकाला एक चौकोनी दात अशी कोणतीही जुनी किल्ली तिथे स्केलेटन की म्हणून खपते. याला कारणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला बांधलेल्या तिथल्या घरांत खोल्यांच्या आतल्या दारांना इतकी साधी कुलपे असत, की हार्डवेअरच्या दुकानातल्या एक-दोन तयार किल्ल्या घेतल्या तर बहुतेक दारे उघडत. फ्रेंच भाषेत ‘कुठूनही पार जाणारी’ अशा अर्थाने पास्पार्तू हा शब्द आहे आणि सर्व दारांना लागणाऱ्या किल्लीलाही तो वापरतात. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीतल्या नोकराचे नाव तेच. हा पास्पार्तू मुंबईत उतरतो आणि मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरल्यामुळे मार खातो. सगळीकडे पार जाणाऱ्या माणसाची तिथे मात्र अडचण झाली.

मराठीत आपण मास्टर की आणि स्केलेटन की या दोन्हींना बहुधा गुरुकिल्ली म्हणून मोकळे होतो. ‘यशाची गुरुकिल्ली’ म्हणताना त्याने काही बिघडत नाही. दाराच्या बाबतीत बिघडते.

कुलपाच्या पोटात

स्केलेटन की ज्या कुलपावर चालते त्याला वॉर्डचे कुलूप म्हणतात. रोमन काळापासून ते आहे आणि मध्ययुगीन युरोपात तर शतकानुशतके हेच मुख्य कुलूप होते. त्याची कल्पना अगदी सरळ. किल्ली आत जाऊन फिरली की तिचा दात बोल्टला ढकलतो आणि बोल्ट सरकतो. कोणतीही किल्ली फिरू नये म्हणून वाटेत धातूच्या कडा किंवा पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. या कडा म्हणजे वॉर्ड. खऱ्या किल्लीच्या दाताला बरोबर तेवढ्याच आणि तिथेच खाचा असतात, म्हणून ती कडांना न अडता फिरते. चुकीची किल्ली कडेला आपटून थांबते.

इथेच या कुलपाची मेख आहे. वॉर्ड फक्त अडवतात. ते काहीही तपासत नाहीत. किल्लीला खाच आहे की त्या जागी धातूच नाही, हे कुलपाला कळण्याचा मार्गच नसतो. समोर धातू आला नाही, एवढेच त्याला पुरते. त्यामुळे चोराला योग्य खाचा शोधण्याची गरज उरत नाही. अडू शकेल असा सगळा धातू काढून टाकला की झाले.

जुने कारागीर वॉर्ड अधिकाधिक गुंतागुंतीचे करत गेले. युरोपातल्या संग्रहालयांत नक्षीदार किल्ल्या दिसतात. त्यांच्या दातांत क्रूस, चक्रव्यूह, अक्षरे अशा आकारांच्या खाचा कापलेल्या असतात. त्या कारागिरीला दाद द्यावी लागते. पण सुरक्षिततेत तिने फारशी भर घातली नाही, कारण बोल्टला लागणारे टोक शेवटी तेच एक होते.

कानस कुठे चालते

ही किल्ली कशी घडत असे ते जवळून पाहण्यासारखे आहे. कुलपात बसेल एवढ्या मापाची, खाचा नसलेली कोरी किल्ली घ्यायची. तिचा दात दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची, किंवा त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. मग ती कुलपात घालून अलगद फिरवायची. ती लगेच अडते. बाहेर काढल्यावर काजळीत एक-दोन ठिकाणी चकचकीत ओरखडा दिसतो, तोच वॉर्डचा पत्ता. त्या जागी कानस मारायची, पुन्हा काजळी, पुन्हा फेरा. अशाने किल्ली हळूहळू त्या एका कुलपाची होते.

स्केलेटन की करणारा याच वाटेने आणखी पुढे जातो. तो ओरखड्यापुरते थांबत नाही, दाताच्या मधला आणि कडेचा धातू सरसकट घासून टाकतो. शेवटी दांडीच्या टोकाशी बोल्टला टेकणारा छोटासा अंश उरतो. आता ही किल्ली कोणा एका कुलपाची राहत नाही. त्याच मापाचे, त्याच कारखान्याचे, वॉर्ड वेगळ्या जागी असलेले दुसरे कुलूपही ती उघडते. यातली तांत्रिक गोम अशी, की ती खऱ्या किल्लीपेक्षा कमी आहे म्हणूनच जास्त दारांना लागते.

चपट्या किल्लीच्या स्वस्त कुलपांतही हेच चालते. त्यांत बोल्टच्या जागी एक स्प्रिंग असते आणि ती वरची कडी धरून ठेवते. किल्लीचे टोक स्प्रिंगला फाकवते आणि कडी सुटते. किल्लीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या चौकोनी खाचा फक्त वाटेतल्या पत्र्यांना चुकवण्यासाठी असतात. एका ट्रंकेची किल्ली शेजारच्या ट्रंकेलाही लागते, हा अनुभव अनेक घरांत आहे. तो योगायोग नसतो. असल्या कुलपांत वेगवेगळ्या खाचांच्या मोजक्याच रचना शक्य असतात आणि कारखाना त्याच फिरवून फिरवून वापरतो.

मास्टर की ही वेगळी जात

हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे, वसतिगृहाच्या रेक्टरकडे, मोठ्या कार्यालयाच्या देखभाल विभागात जी सर्व खोल्यांना लागणारी किल्ली असते, ती मास्टर की. ती कुलपाला चुकवत नाही. कुलूप बनवतानाच तिच्यासाठी जागा ठेवलेली असते.

आज बहुतेक दारांना असलेल्या सिलिंडरच्या कुलपात छोट्या पिना उभ्या असतात. ही रचना अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याने १८६० च्या दशकात आजच्या रूपाला आणली. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते. किल्लीच्या चढउतारांनी सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत आले, की सिलिंडर फिरतो. मास्टर की हवी असेल तर पिनेत आणखी एक चकती घालतात, म्हणजे त्या पिनेला एकाऐवजी दोन सांधे मिळतात. एका सांध्याला खोलीची किल्ली जुळते, दुसऱ्याला मास्टर की.

सोय मोठी आहे, पण तिची किंमत हिशोबात मांडता येते. पाच पिना असलेल्या कुलपात प्रत्येक पिनेला दोन सांधे दिले, तर ते कुलूप दोन किल्ल्यांनी उघडत नाही. दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२ वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडते. यांतल्या तीस कोणी मागितलेल्या नसतात; त्या आपोआप तयार होतात. मॅट ब्लेझ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने २००३ साली आणखी पुढची गोष्ट दाखवून दिली. इमारतीतल्या एका खोलीची साधी किल्ली, तिचे कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या एवढ्यावर संपूर्ण इमारतीची मास्टर की काढता येते. अनुभवी चावीवाल्यांना हे आधीपासून माहीत होते आणि ते छापले म्हणून त्यांच्यापैकी अनेक जण चिडले. माझ्या मते छापले ते योग्यच झाले. ज्यांच्या खोल्यांना ती कुलपे आहेत, त्यांनाच तेवढे अंधारात ठेवण्यात काय अर्थ होता?

सांगाडा निकामी झाला तो दिवस

वॉर्डच्या कुलपावर खरा तोडगा निघाला १७७८ मध्ये. इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने लिव्हर असलेल्या कुलपाचे पेटंट घेतले. आत धातूच्या पट्ट्या, म्हणजे लिव्हर, आणि प्रत्येक लिव्हर ठरावीक उंचीपर्यंत उचलला गेला तरच बोल्ट सुटणार. कमी उचलला तरी अडणार, जास्त उचलला तरी अडणार. या एका अटीने स्केलेटन की निकामी झाली. कारण आता नुसते चुकवून भागत नव्हते, प्रत्येक लिव्हरला बरोबर मापाचा धातू भेटावा लागत होता, आणि सांगाड्यावर तो नसतो.

१८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारने १०० पौंडांचे बक्षीस लावले : स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेच उघडणार नाही असे कुलूप आणा. जेरमाया चब याने १८१८ मध्ये ते जिंकले. त्याच्या कुलपात कोणी भलत्या किल्लीने किंवा आकड्याने लिव्हर गरजेपेक्षा वर उचलला, तर तो तिथेच अडकून बसे. मालकाने स्वतःची किल्ली घातली की त्याला लगेच कळे, कोणीतरी हात लावून गेले आहे. पोर्ट्समथच्या तुरुंग-जहाजावर कुलपांचा कारागीर असलेला एक कैदी होता. हे कुलूप उघडलेस तर सुटका आणि वर पैसे, असे त्याला सांगण्यात आले. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हार मानली.

कुलपे बनवणाऱ्या जोसेफ ब्रामा याच्या लंडनमधल्या पिकॅडिली भागातल्या दुकानाच्या काचेत तर एक कुलूप अनेक वर्षे आव्हान म्हणून ठेवलेले होते; उघडणाऱ्याला २०० गिनी. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कारागिराने आधी चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले आणि मग ब्रामाचेही. ब्रामाच्या कुलपाला १६ दिवसांत विभागलेले ५१ तास लागले. लंडनभर खळबळ उडाली. कुलपांचे दोष असे चव्हाट्यावर मांडावेत का, असा वाद पेटला. चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या १८५३ च्या कुलपांवरच्या पुस्तकात त्याला उत्तर आहे. चोर या धंद्यात आपल्यापेक्षा बरेच पुढे असतात, त्यांना नवे काही शिकवले जात नाही. माहितीची गरज प्रामाणिक माणसांना असते, असा त्या उत्तराचा आशय. दीडशे वर्षांनी ब्लेझवर टीका झाली तेव्हाही हाच मुद्दा लागू होता.

आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. त्या सुमारास चांगले कुलूप म्हणजे विलायती, अशी बाजारातली समजूत होती. कुलूप फोडता किंवा चुकवता येऊ नये, हाच त्यांच्या धंद्याचा पाया होता. आज दुकानात टांगलेल्या देशी कुलपांवर ‘७ लिव्हर’, ‘८ लिव्हर’ असे कोरलेले असते. बॅरनने घातलेली ती अट सात-आठ वेळा पुन्हा घातली आहे, असा त्याचा अर्थ.

बॅगेवरची लाल चौकट

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या बॅगांवर हल्ली एक छोटे कुलूप असते आणि त्यावर लाल चौकटीची खूण. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत विमानात चढणाऱ्या सामानाची तपासणी कडक झाली. बॅग फोडावी लागू नये म्हणून तपासनिसांकडे मास्टर किल्ल्या राहतील अशी कुलपे निघाली. २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमधल्या एका लेखासोबत अशा सात किल्ल्यांचे स्पष्ट छायाचित्र छापले गेले. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर छापता येतील असे नमुने तयार करून इंटरनेटवर टाकले आणि त्यांनी खरी कुलपे उघडली.

हे स्केलेटन कीचे उदाहरण नाही, मास्टर कीचे आहे. एका घराची किल्ली फुटली तर एका घराचे नुकसान. सर्वांसाठी केलेली एकच किल्ली फुटली, तर त्या खुणेचे प्रत्येक कुलूप त्याच क्षणी निरुपयोगी होते आणि ती परत गोळा करता येत नाही. तेव्हा ते कुलूप बॅगेची चेन वाटेत उघडू नये एवढ्यासाठी लावावे. दागिने आणि रोकड हातातल्या पिशवीत ठेवावेत.

संगणकातली स्केलेटन की

२०१५ च्या जानेवारीत डेल सिक्युअरवर्क्सच्या संशोधकांना एक घातक प्रोग्रॅम सापडला, त्याला त्यांनी स्केलेटन की हेच नाव दिले. मोठ्या कंपन्यांत सगळ्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड एक मध्यवर्ती सर्व्हर तपासतो. हा प्रोग्रॅम त्या सर्व्हरच्या मेमरीत शिरून तपासणीच बदलत असे. मग हल्लेखोराचा एकच पासवर्ड कोणत्याही कर्मचाऱ्याच्या नावावर चाले. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे पासवर्डही चालूच राहत, त्यामुळे कोणाला शंका येत नसे. नाव चपखल आहे : पासवर्ड ओळखण्याची गरजच उरत नव्हती, अडवणारा भाग बाजूला होत होता. ज्या ठिकाणी पासवर्डसोबत दुसरा पुरावाही मागितला जाई, तिथे मात्र ही युक्ती चालत नव्हती. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. २०२४ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एआय चॅटबॉटचे निर्बंध संवादातून बाजूला सारण्याच्या एका पद्धतीलाही हेच नाव दिले.

मास्टर कीचा वादही संगणकात आहेच. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर नावाची चिप पुढे आणली. संभाषण गुप्त राहील, पण उलगडण्याची किल्ली सरकारी यंत्रणांकडे जमा असेल, अशी ती योजना. दुसऱ्याच वर्षी एका संशोधकाने दाखवले, की त्या सरकारी वाटेलाच वळसा घालता येतो. तो संशोधक म्हणजे मॅट ब्लेझ, पुढे दाराच्या कुलपांकडे वळलेला तोच. काही वर्षांत ती योजना बारगळली.

कायदा काय म्हणतो

आपल्या कायद्यात घरफोडी म्हणजे भिंत किंवा दार फोडणेच, असे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीचे सहा प्रकार दिले होते आणि गुन्ह्यासाठी कुलूप उघडून आत शिरणे हाही त्यात होता. त्या कलमाखालचे एक उदाहरण बोलके आहे : घरमालकाची हरवलेली किल्ली दुसऱ्याला सापडली आणि तिने दार उघडून त्याने गृह-अतिक्रमण केले, तर ती घरफोडीच. म्हणजे दाराला ओरखडाही न येता, खऱ्या किल्लीने केलेली. ही व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये आली आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि कारण सिद्ध करण्याची जबाबदारी ते बाळगणाऱ्यावर असते.

आपल्या दाराचे कुलूप कोणते?

हे ओळखायला कारागीर लागत नाही. किल्ली हातात घ्या. चपट्या किल्लीच्या दोन्ही कडांना सारख्याच चौकोनी खाचा असतील, तर ते वॉर्डचे कुलूप आहे. ते माळ्यावरच्या ट्रंकेला किंवा बागेच्या फाटकाला ठीक, घराच्या मुख्य दाराला अजिबात नाही. किल्लीच्या टोकाशी कमीजास्त उंचीच्या पायऱ्या असतील, तर आत लिव्हर आहेत. किती ते कुलपावर पाहा. एका बाजूला करवतीसारखे चढउतार असतील, तर पिनांचे सिलिंडर आहे. पिना आणि लिव्हरची चांगली कुलपेही उघडणारे हात असतात, पण त्यांना वेळ, अवजारे आणि सराव लागतो. घासलेल्या लोखंडाच्या एका तुकड्याने ती उघडत नाहीत.

सोसायटीने किंवा वसतिगृहाने मास्टर की ठेवली असेल, तर ती कोणाकडे असते, कधी दिली जाते आणि त्याची नोंद कुठे होते, हे रहिवाशांनी विचारलेच पाहिजे. भाड्याचे घर ताब्यात घेताना मालकाच्या परवानगीने कुलूप किंवा सिलिंडर बदलून घ्या. आधीच्या भाडेकरूने किती नकला करून ठेवल्या आहेत, ते किल्ली पाहून कळत नाही. आणि घराची किल्ली हरवली, तर कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून दुसरी करून घेऊन थांबू नका, कुलूपच बदला.